हार्डडिस्क नसलेले संगणक आणि नेटवर्क बूट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी खानापूर, निपाणी, अथणी, संकेश्वर आणि खुद्द बेळगावातून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. आपल्या भागातील अनेक मराठी शाळांना, वाचनालयांना आणि संगणक वर्गांना हार्डडिस्क काढून घेतलेले जुने संगणक देणगीदाखल मिळतात आणि ते एका सर्व्हरवरून चालवण्याचा मार्ग स्वीकारला जातो. तो मार्ग चांगला आहे, मात्र तो अडला की नेमके कुठे पाहावे हे पुष्कळांना कळत नाही.

प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की, हार्डडिस्क नसलेला संगणक सुरू होताना नेटवर्क कार्डातील एका छोट्या प्रोग्रामच्या, म्हणजे पीएक्सईच्या, मदतीने सर्व काही मागून घेतो आणि ही मागणी ठरलेल्या क्रमानेच होते. आधी केबलची जोडणी तपासली जाते, मग डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, आयपी पत्ता आणि बूट फाइलचे नाव मिळते, मग टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने ती फाइल उतरते, तिच्यामार्फत लिनक्सचे कर्नल, म्हणजे गाभ्याचा प्रोग्राम, आणि इनिट्रॅमएफएस ही प्रारंभिक फाइल येते, आणि सर्वांत शेवटी कर्नल स्वतः नेटवर्क जोडून सर्व्हरवरील मूळ फाइलसिस्टिम माउंट करते, म्हणजे वापरासाठी जोडून घेते. पडद्यावर जी ओळ येऊन संगणक थांबतो ती ओळ यांपैकी कोणता टप्पा अडला हे सांगते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी ती ओळ पुरती न वाचता थेट सर्व्हरच पुन्हा बसवला आहे आणि त्यात सुट्टीचे दिवस घालवले आहेत, याचे मनापासून वाईट वाटते. मोबाइलने त्या ओळीचा फोटो काढून ठेवणे हे दुरुस्तीतले पहिले काम समजावे.

प्रश्न : महोदय, आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलला पुण्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी जुने संगणक मिळवून दिले. त्यांत हार्डडिस्क नसल्यामुळे एका बऱ्या संगणकावर एलटीएसपी (डिस्क नसलेले संगणक सर्व्हरवरून चालवणारी लिनक्सची प्रणाली) बसवून त्याला सर्व्हर केले आणि वर्षभर लॅब उत्तम चालली. दिवाळीनंतर शाळेत फायबरचे इंटरनेट आले. तेव्हापासून काही संगणक सुरू होतात, तर काही ‘पीएक्सई-ई५३ : नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड’ असे दाखवून थांबतात. आज अडलेला संगणक उद्या चालतो आणि आज चाललेला उद्या अडतो. सर्व्हर पुन्हा बसवूनही फरक पडला नाही. काय करावे? — संगणक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : आपण दिवाळीचा उल्लेख केलात तिथेच निदान झाले. इंटरनेट देणाऱ्यांनी भिंतीवर जो राउटर लावला आहे तो स्वतःही डीएचसीपी सर्व्हर असतो आणि त्याची केबल लॅबच्या स्विचमध्ये आली की एका वाड्यात दोन कारभारी होतात. संगणक सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक साऱ्या नेटवर्कला देतो आणि दोघेही उत्तर देतात. आपल्या सर्व्हरच्या उत्तरात पत्ता असतो आणि बूट फाइलचे नावही असते, तर राउटरच्या उत्तरात फक्त पत्ता असतो, कारण बूट फाइल म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. पुष्कळ जुनी नेटवर्क कार्डे जे उत्तर आधी पोचेल ते स्वीकारतात. राउटरचे उत्तर आधी आले की पत्ता मिळतो पण नाव मिळत नाही, आणि ई५३ ही खूण नेमकी तेवढेच सांगते. शर्यत कोण जिंकेल हे दर वेळी बदलत असल्यामुळे अडणारे संगणकही बदलतात. एलटीएसपीसोबत बहुधा वापरला जाणारा डीएनएसमास्क हा प्रोग्राम पत्ता देण्यापूर्वी तो दुसरे कोणी वापरत नाही ना हे पिंग करून पाहतो, त्यामुळे या शर्यतीत तो बऱ्याचदा मागे पडतो.

खात्री करून घेणे सोपे आहे. राउटरची केबल स्विचमधून काढावी आणि सर्व संगणक बंद करून पुन्हा सुरू करावेत. सगळे सुरू झाले तर शंकेला जागा उरत नाही. याहून पक्का पुरावा हवा असेल तर सर्व्हरवर टीसीपीडम्प चालवून, डीएचसीपी ज्यांवरून चालते त्या यूडीपीच्या ६७ आणि ६८ क्रमांकाच्या पोर्टांवरील वाहतूक पाहावी. त्यासाठी राउटरची केबल पुन्हा जोडून एकच संगणक सुरू करावा. त्याच्या एका मागणीला दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून ‘ऑफर’ आलेली दिसली की दुसरा कारभारी कोण आहे तेही त्या पत्त्यावरून कळते. शाळांत हा दुसरा सर्व्हर नेहमी इंटरनेटवाल्यांचाच राउटर असतो असे नाही. कोणीतरी स्टाफरूममध्ये वायफायसाठी जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात केबल घातलेली असते आणि ती गोष्ट कोणाच्या लक्षातही नसते.

उपाय तीन आहेत. राउटरमधील डीएचसीपी बंद करता येतो. परंतु मग शाळेतील सगळ्यांचे मोबाइलही पत्त्यासाठी आपल्या सर्व्हरवर अवलंबून राहतात, आणि इंटरनेटवाल्या तंत्रज्ञाने कधी राउटर रीसेट केला की तोच घोळ पुन्हा सुरू होतो. दुसरा मार्ग डीएनएसमास्क ‘प्रॉक्सी’ पद्धतीने चालवण्याचा आहे. यात पत्ता राउटरच देतो आणि आपला सर्व्हर फक्त बूट फाइलचे नाव आणि स्वतःचा पत्ता पुरवतो. त्यासाठी यूडीपीचे ४०११ हे पोर्टही सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडे असावे लागते. नव्या कार्डांवर हे छान चालते, पण काही जुनी कार्डे प्रॉक्सीचे उत्तर नीट हाताळत नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड बसवून एका कार्डावर इंटरनेट घेणे आणि दुसऱ्यावर फक्त लॅबचा स्विच जोडणे. एलटीएसपीमध्ये अशा आतल्या नेटवर्कसाठी १९२.१६८.६७ ही मालिका रूढ आहे आणि सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.६७.१ असा ठेवतात. शाळेसाठी मी नि:संकोचपणे हाच मार्ग सुचवेन. राउटर आणि लॅब यांचा थेट संबंधच उरत नाही, मुलांचे इंटरनेट सर्व्हरमधून जात असल्यामुळे ते केव्हा चालू आणि केव्हा बंद हे शिक्षकाच्या हातात राहते, आणि पुढे कोणी कोणताही राउटर आणला तरी, तो लॅबच्याच स्विचला जोडला नाही तोवर, लॅब अडत नाही.

आपण पत्राच्या शेवटी, एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक संगणकाला स्वस्तातली एसएसडी घ्यावी का, असेही विचारले आहे. पैसे असतील तर जरूर घ्यावी, पण आपल्या भागातील शाळेत एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही टंकलेखन लागते, आणि फॉन्ट व कीबोर्डची मांडणी सर्व्हरवरील एकाच इमेजमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना पुरवल्या जाणाऱ्या तयार प्रणालीत, एकदा नीट लावली की ती सगळ्या संगणकांवर सारखी दिसते, ही सोय मला फार मोलाची वाटते. वेगवेगळ्या डिस्कवर ती राखणे एकट्या शिक्षकाला जड जाते.

प्रश्न : आमच्या वाचनालयात सदस्यांसाठी डिस्क नसलेले संगणक आहेत. जुना स्विच जळाल्यावर एका हितचिंतकाने कार्यालयात वापरला जाणारा मोठा, मॅनेज्ड प्रकारचा स्विच दिला. आता काही संगणक ‘पीएक्सई-ई५१ : नो डीएचसीपी ऑर प्रॉक्सीडीएचसीपी ऑफर्स वेअर रिसीव्ह्ड’ म्हणतात. काहींवर मेनू येतो, कर्नलही उतरते, पण पुढे नेटवर्ककडून उत्तर नाही असे दाखवून ते इनिट्रॅमएफएसच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतात. सर्व्हरला हात लावलेला नाही. — व्यवस्थापक, निपाणी

उत्तर : आपण सर्व्हरला हात लावला नाहीत हे फार बरे केलेत. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. दोन स्विचमध्ये चुकून दोन केबल जोडल्या जाऊन वाहतूक गोल फिरू नये म्हणून, एखाद्या पोर्टाचा दिवा लागला तरी स्विच ते पोर्ट लगेच वाहतुकीला खुले करत नाही. मूळ मानकाप्रमाणे तो १५ सेकंद ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो आणि मग वाहतूक सोडतो. या ३० सेकंदांत आपल्या संगणकाने दिलेली हाक स्विचच्या पोर्टावरच विरते, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. पीएक्सईच्या मानकात ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशा वाढत्या अवधीने वाट पाहावी असे सांगितले असले, तरी अनेक कार्डांतील प्रोग्राम त्याआधीच प्रयत्न सोडतात. म्हणून काही संगणक ई५१ दाखवतात आणि थोडा अधिक वेळ थांबणारे पुढे जातात.

पुढे गेलेले संगणक नंतर का अडतात, हा आपल्या पत्रातील खरा कळीचा भाग आहे. नेटवर्क कार्डाचा ताबा पीएक्सईकडून कर्नलच्या ड्रायव्हरकडे जातो तेव्हा कार्ड नव्याने सुरू होते आणि जोडणी क्षणभर तुटते. स्विचच्या दृष्टीने ती नवी जोडणी असते, त्यामुळे ३० सेकंदांचे तेच चक्र पुन्हा सुरू होते. आपण संगणकाच्या मागे वाकून केबलच्या तोंडाशी असलेला दिवा पाहिलात तर मेनू आल्यानंतर, कर्नल सुरू होताना तो विझून पुन्हा लागतो हे डोळ्यांनी दिसेल. इनिट्रॅमएफएस मात्र काही थोडेच सेकंद वाट पाहून हात टेकते.

निदानाची खात्रीची युक्ती अशी आहे की, एखादा साधा, पाच पोर्टांचा अनमॅनेज्ड स्विच अडणाऱ्या संगणकाच्या आणि मोठ्या स्विचच्या मध्ये जोडावा. संगणकाची जोडणी कितीही वेळा तुटली तरी दोन स्विचमधील जोडणी अखंड राहते, त्यामुळे मोठा स्विच चक्र नव्याने सुरू करत नाही. संगणक विनाअडथळा सुरू झाला तर दोष स्पॅनिंग ट्रीचाच. कायमचा उपाय म्हणजे मोठ्या स्विचच्या व्यवस्थापन पानावर जाऊन संगणक जोडलेली पोर्टे ‘एज पोर्ट’ म्हणून नोंदवणे. काही कंपन्यांच्या स्विचवर यालाच पोर्टफास्ट म्हणतात. स्पॅनिंग ट्रीची नवी, वेगवान आवृत्ती असली तरी ही नोंद लागतेच. ज्या पोर्टाला दुसरा स्विच जोडला आहे तिथे मात्र ती करू नये आणि संपूर्ण स्पॅनिंग ट्री बंदही करू नये, कारण मग एक चुकीची केबल सगळे नेटवर्क ठप्प करू शकते.

या उपायानंतरही एखादाच संगणक त्या काळ्या पडद्यावर येत असेल तर त्याचे कारण वेगळे असते. तिथे ‘सिस’ फोल्डरमधील ‘क्लास’ आणि त्यातील ‘नेट’ या फोल्डरची यादी पाहावी. यादीत फक्त ‘एलओ’ एवढेच नाव दिसले तर कर्नलला नेटवर्क कार्ड ओळखताच आलेले नाही, म्हणजे त्याचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये नाही किंवा कर्नल एका आवृत्तीचे आणि ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचे झाले आहेत. सर्व्हरवर अपडेट घेतल्यावर एलटीएसपीची इमेज, कर्नल आणि इनिट्रॅमएफएस ही तिन्ही नव्याने तयार केली नाहीत की असे होते. तिन्ही एकाच बैठकीत करावीत.

प्रश्न : माझ्या संगणक प्रशिक्षण वर्गात जुन्या संगणकांसोबत चार नवे घेतले. जुने सर्व्हरवरून व्यवस्थित सुरू होतात. नवे मात्र ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’ असे दाखवतात, फाइल उतरल्यासारखे वाटते आणि पुन्हा सेटिंगच्या पानावर येतात. एका जाणकाराने आयपीएक्सई हा पीएक्सईचाच सुधारित प्रोग्राम वापरायला सांगितले, तर आता तेच तेच पान गोल फिरत राहते. — वर्गचालक, अथणी

उत्तर : संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणारा मदरबोर्डवरील प्रोग्राम जुन्यांत बायोस असतो आणि नव्यांत यूईएफआय. दोघांना लागणारी बूट फाइल वेगळी असते. बायोससाठीची पीएक्सईलिनक्स या बूट प्रोग्रामची फाइल यूईएफआयला दिली तर ती उतरते, पण तिला चालवणे यूईएफआयला जमत नाही आणि संगणक मुकाट्याने मागे फिरतो. संगणक आपण कोणत्या जातीचा आहोत हे डीएचसीपीच्या मागणीतच ९३ क्रमांकाच्या पर्यायातून सांगतो. तिथे ० आले तर बायोस आणि ७ आले तर ६४-बिट यूईएफआय; काही यंत्रे ९ असाही आकडा पाठवतात. डीएनएसमास्कमध्ये या आकड्यावरून खूण लावून प्रत्येक खुणेसाठी वेगळी फाइल नेमता येते. राउटरमध्ये किंवा साध्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये ६६ आणि ६७ क्रमांकाच्या पर्यायांत एकच ठरावीक नाव लिहून ठेवणाऱ्यांना हे जमत नाही, आणि मिश्र लॅब अडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

नव्या संगणकांत सिक्युअर बूट, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी तपासूनच बूट फाइल चालवण्याची सोय, चालू असेल तर स्वाक्षरी नसलेली फाइल योग्य जातीची असूनही नाकारली जाते. अशा वेळी लिनक्स वितरणाने स्वाक्षरीसह दिलेली शिम आणि नेटवर्कसाठीची ग्रब ही बूट फाइलींची जोडी वापरावी, किंवा त्या संगणकांवर सिक्युअर बूट बंद करावे. संगणक फक्त वर्गातील नेटवर्कवरच चालणार असतील तर बंद करणे मला गैर वाटत नाही. वर्गाबाहेर जाणाऱ्या लॅपटॉपबाबत मात्र मी तसे सांगणार नाही.

गोल फिरण्याचे कारण सरळ आहे. कार्डातील पीएक्सईने डीएचसीपीला विचारले, त्याला आयपीएक्सईचे नाव मिळाले. आयपीएक्सई सुरू झाल्यावर तीही डीएचसीपीला विचारते, आणि सर्व्हर तिलाही आयपीएक्सईचेच नाव देतो. हे थांबवण्यासाठी सर्व्हरला दोघांतला फरक ओळखता आला पाहिजे. आयपीएक्सई आपल्या मागणीत ७७ क्रमांकाच्या पर्यायात स्वतःचे नाव पाठवते. ते नाव दिसले तर पुढची स्क्रिप्ट द्यावी आणि न दिसले तर आयपीएक्सई द्यावी, एवढा नियम लिहिला की चक्र थांबते.

प्रश्न : मेनू येतो, कर्नल येते, पण प्रारंभिक फाइल अर्ध्यावर येऊन अडकते. लहान इमेज वापरली तेव्हा असे होत नव्हते. शिवाय शिक्षकाच्या संगणकासाठी वेगळा मेनू ठेवायचा आहे, पण तो सर्वसाधारण मेनूच उचलतो. — संकेश्वर

उत्तर : टीएफटीपी ही पद्धत १९८१ पासूनची आहे आणि ती मुद्दाम अत्यंत साधी ठेवलेली आहे. ती फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करून एकेक पाठवते, एका तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही, आणि तुकड्यांना १६ बिटांचा क्रमांक देते. म्हणजे सर्वांत मोठा क्रमांक ६५,५३५. त्याला ५१२ ने गुणले तर सुमारे ३२ एमबी होतात. क्रमांक संपल्यावर पुन्हा ० पासून मोजण्याची समज दोन्ही बाजूंना नसेल तर फाइल नेमकी तिथेच अडते. १९९५ पासून तुकड्याचा आकार वाढवण्याची सोय आहे. तो १,४६८ बाइट केला तर मर्यादा सुमारे ९२ एमबीपर्यंत जाते, पण आजच्या इनिट्रॅमएफएसला तेही कधी कधी अपुरे पडते. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सईची छोटी फाइल आणावी आणि मोठ्या फाइली एचटीटीपीने, म्हणजे वेबपाने आणणाऱ्या पद्धतीने, आणाव्यात. प्रत्येक तुकड्यानंतर पोचेची वाट पाहणे संपल्यामुळे वेळही पुष्कळ वाचतो.

वेगळ्या मेनूसाठी पीएक्सईलिनक्स फाइलींची नावे ठरावीक क्रमाने शोधते. आधी संगणकाचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक, मग मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, मग आयपी पत्ता षोडशमान अंकांत, त्यातला एकेक अंक शेवटून कमी करत, आणि काहीच मिळाले नाही तर ‘डीफॉल्ट’. मॅक पत्त्याच्या फाइलीत बहुतेकांचे चुकते ते दोन ठिकाणी. नावाच्या आरंभी ०१ आणि एक आडवी रेघ लागते, आणि सर्व अक्षरे लहान लिपीत असून मध्ये विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांऐवजी आडव्या रेघाच लागतात. आयपी पत्त्याच्या फाइलीत याउलट मोठी अक्षरे लागतात. उदाहरणार्थ १९२.१६८.६७.२१ या पत्त्यासाठी १९२ चे सी०, १६८ चे ए८, ६७ चे ४३ आणि २१ चे १५ असे होऊन फाइलीचे नाव ‘सी०ए८४३१५’ असे होते. लिनक्स सर्व्हरला लहान आणि मोठे अक्षर वेगळे दिसते, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. सर्व्हरवरील टीएफटीपीची नोंदवही उघडून ठेवली तर संगणकाने कोणकोणती नावे मागितली ती एकाखाली एक दिसतात. त्यातले हवे ते नाव जसेच्या तसे उचलून फाइलीला द्यावे, म्हणजे अंदाज बांधायला नको.

प्रश्न : वीज गेली आणि परत आली की आमचे सर्व संगणक एकदम चालू होतात, पण एकही बूट होत नाही. शिपाई एकेक बंद-चालू करत फिरतो तेव्हा होतात. त्यांतले दोन तर तेव्हाही होत नाहीत, हार्डडिस्क सापडत नाही असे म्हणतात. — बेळगाव

उत्तर : सर्व्हर उभा राहायला मिनिट-दोन मिनिटे घेतो आणि डिस्क नसलेले संगणक काही सेकंदांतच हाक देऊ लागतात. उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे ते प्रयत्न सोडून थांबतात. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्यावेत. पुष्कळ जण सर्व्हर घेतात आणि स्विच विसरतात. संगणकांच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. त्याऐवजी वेक-ऑन-लॅन चालू करून सर्व्हर तयार झाल्यावर त्यानेच संगणकांना थोड्या थोड्या अंतराने जागे करावे. सगळ्यांनी एकदम फाइली मागितल्या तर काय होते याचा हिशेब करून पाहावा. वीस संगणकांनी प्रत्येकी ६० एमबी मागितले तर १,२०० एमबी होतात. सर्व्हरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असेल तर सेकंदाला फार तर १२ एमबी जातात, म्हणजे शंभर सेकंद नुसत्या त्यातच जातात. सर्व्हरची जोडणी गिगाबिटच असावी. बाकीच्यांची १०० ची असली तरी चालते.

उरलेल्या दोन संगणकांची मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी संपलेली आहे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. वीज गेली की त्यांच्या बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि बूटचा क्रम पुन्हा हार्डडिस्कवर येतो. बायोसमधली तारीख मागे गेलेली दिसली तर शंका उरणार नाही. बॅटरी बदलून नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवावे.

प्रश्न : पावसाळ्यात ‘पीएक्सई-ई६१ : मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ येते, उन्हाळ्यात येत नाही. — जांबोटी परिसरातील शाळा

उत्तर : संदेश खरे सांगतो आहे, केबलच पाहावी. आपल्याकडच्या पावसात प्लगमधील सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो. तो घासत बसण्यापेक्षा टोक कापून नवा प्लग क्रिंप करावा आणि सॉकेटमध्येही तसाच थर आहे का ते टॉर्च लावून पाहावे. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी खराब झाली की संगणक चालतो पण संथपणे, आणि ते लक्षात येत नाही. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल असेल तर विजांच्या दिवसांत ती स्विच आणि नेटवर्क कार्डे दोन्ही जाळू शकते, म्हणून तेवढ्या टप्प्यासाठी फायबर घालावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

प्रश्न : संगणक व्यवस्थित सुरू होतात, पण मुलांनी ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की गोठतात. सर्व्हर कमी पडतो का? — चिकोडी

उत्तर : बहुधा नाही. संगणकाला डिस्कच नसल्यामुळे मेमरी भरल्यावर ओतायला स्वॅपची जागा नसते. प्रत्येक संगणकात रॅम किती आहे ते पाहावे. २ जीबी असेल तर ती ४ जीबी करणे हा सर्वांत उपयोगी खर्च आहे आणि जुन्या संगणकांतून निघालेल्या रॅमपट्ट्या दुरुस्तीच्या दुकानांत मिळतात. तोवर झेडरॅम चालू करावे. त्यामुळे मेमरीतला न वापरला जाणारा भाग मेमरीतच दाबून ठेवला जातो आणि थोडी जागा मोकळी होते. गोठण्याच्या वेळी सर्व्हरवर टॉप ही कामाचा भार दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली आणि तो निवांत दिसला, तर सर्व्हरवर पैसे घालू नयेत.